वरळीची कोळीण पुन्हा उभी करताना : फेब्रुवारी ते जून २०२५ च्या नोंदी

११ फेब्रुवारी

वरळी सी फेसच्या मागच्या गल्लीत एका संस्थेचं आवार आहे. तिथे ब्राँझची कोळीण उभी आहे, डोक्यावर टोपली, एक हात टोपलीला, डावा पाय पुढे. टोपलीसकट उंची १.७५ मीटर. २००९ साली बसवलेली. संस्थेचा फोन आला तो "पुतळ्याखालची फरशी फुटलीये, बदलून द्या" एवढ्याच कामासाठी.

चौथऱ्याच्या दर्शनी बाजूला दोन ओघळ दिसले, एक हिरवा आणि एक तांबडा. हिरवा ब्राँझचा. पाऊस अंगावरून उतरताना तांब्याचे क्षार घेऊन उतरतो, उघड्यावरच्या कुठल्याही पुतळ्याखाली तो सापडतो, त्याची काळजी नाही. तांबडा ओघळ लोखंडाचा. ब्राँझच्या पुतळ्याखालून लोखंडाचं पाणी येतंय म्हणजे आतल्या सळया गंजल्यात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि ती जागा त्याने फरशीकडून घेतलीये. नवी फरशी लावली असती तर तीही फुटली असती.

टोपलीच्या काठाला तळवा लावून हलकंच ढकललं. पायाखालचा ब्राँझचा पाटा आणि ग्रॅनाइट यांच्यामधली फट उघडली आणि मिटली. नखाच्या जाडीएवढी असेल. रखवालदार मामांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता दोरी बांधा, पोरांना जवळ येऊ देऊ नका. ते म्हणाले, "ताई, पोरं तर तिच्या पायाशी बसूनच डबा खातात."

२००९ च्या कामाचं एकही चित्र, एकही कागद संस्थेकडे नाही. सळया किती, कुठे, केवढ्या, काही कळायला मार्ग नाही.

२४ फेब्रुवारी

कोळीण उतरवली. सकाळी सातला सुरुवात केली, दुपारी दोनला ती टेम्पोत आडवी होती.

लोखंडी तिपाई, एक टनाची चेन पुली, दोन रुंद पट्टे. पट्टे कुठे घालायचे यावर फिटर काकांचा आणि माझा अर्धा तास गेला. टोपली आणि उचललेला हात हे ओतून नंतर वेल्ड केलेले भाग, त्यांवर भार द्यायचा नाही. शेवटी एक पट्टा काखेखालून आणि दुसरा कमरेला, दोन्हींच्या खाली काकांच्या घरची जुनी गोधडी. साखळी पॅटिनाला, म्हणजे ब्राँझवरच्या रंगाच्या थराला, लागली की तिथे चकचकीत रेघ उमटते, आणि ती झाकायला पुन्हा रसायन आणि आच घेऊन बसावं लागतं.

आधी फक्त ताण घेतला, उचललं नाही. फटीत लाकडी पाचरी हळूहळू सरकवल्या. फट आठ मिलिमीटर झाली तेव्हा आत बारीक ब्लेड घालून सळया कापल्या. चार होत्या. तीन कापायला प्रत्येकी काही मिनिटं लागली. चौथीला ब्लेड लागायच्या आधीच ती बिस्किटासारखी चुरली. म्हणजे ही बाई कितीतरी महिने तीन सळयांवर उभी होती.

काट्यावर वजन १६१ किलो.

३ मार्च

शेडमध्ये कोळीण गाद्यांवर आडवी. खालून आत टॉर्च मारला आणि सगळा प्रकार समजला.

ओतताना आत भरलेला गाभा, म्हणजे प्लास्टर आणि सुरखी, गुडघ्यापर्यंत तसाच ठेवलेला. तो बाहेर काढला पाहिजे हे कुणाला वाटलंच नाही. फेब्रुवारीत पावसाचा टिपूस नाही, तरी मातीत बोट घातलं तर बोटाला ओल लागली. सोळा पावसाळे तिने पाणी धरून ठेवलंय, आणि वरळीच्या हवेतलं मीठही. त्या ओलीत साध्या लोखंडाच्या सळया, ब्राँझला थेट वेल्ड केलेल्या.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे बॅटरीच. त्यात कमी उच्च, म्हणजे चटकन गंजणारा, धातू झिजतो. इथे लोखंड कमी उच्च, शिवाय आकाराने इवलंसं, आणि त्याच्यासमोर ब्राँझचं एवढं मोठं अंग. सगळी झीज त्या चार सळयांवर एकवटली. मूळ १२ मिलिमीटरची सळई पाट्यालगत ५ मिलिमीटर उरलीये. जरा खाली, सिमेंटच्या आत, तीच सळई अजून ११ ची आहे.

पोटरीवर एक तपकिरी ठिपका होता, संस्थेला तो रंगाचा डाग वाटत होता. गाभा जागेवर धरायला ओतकामात खिळे घालतात, त्यातला एक लोखंडी खिळा आत राहिलाय. असे तीन सापडले. ड्रिल मारून काढले, आटे पाडले, ब्राँझचे स्क्रू बसवून वरून ठोकून घासून टाकले.

दोन दिवस माती खरवडण्यात गेले. आता स्वच्छ वजन १४९ किलो. बारा किलो कचरा ती पायात घेऊन उभी होती.

१० मार्च

आज आकडेमोड. संस्थेच्या सभेत एक सदस्य म्हणाले, दीडशे किलोची वस्तू आहे, नुसती ठेवली तरी कुठे जाणार? प्रश्न मनापासून विचारलेला होता, म्हणून कागदावर मांडून दाखवलं.

पायाखालचा पाटा ४२० बाय ३६० मिलिमीटर. अरुंद बाजूने कलायची झाली तर कडेपासून मध्यापर्यंत १८ सेंटिमीटर. १४९ किलो गुणिले ०.१८ मीटर, सुमारे २७ किलो-मीटर (वजन गुणिले अंतर, रस्त्याचे किलोमीटर नव्हेत). हाच तिचा स्वतःच्या वजनाचा सगळा विरोध. टोपली १.६ मीटर उंचीवर. २७ भागिले १.६, म्हणजे टोपलीला १७ किलोचा रेटा लागला की बाई आडवी. सातवी-आठवीतला मुलगा सहज एवढं ढकलतो.

मग वारा. आपल्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरतात. चौरस मीटरला जवळपास ११८ किलोचा दाब. हिचं समोरचं क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर, आकाराचा गुणक १.२ धरला तर ८५ किलो, आणि तो भार ०.९ मीटर उंचीवर लागतो : ७६ किलो-मीटर. वजनाचे २७ वजा जाता उरलेले सुमारे ५० बोल्टांनी धरायचे. पलीकडच्या कडेचे दोन बोल्ट ३० सेंटिमीटरवर, म्हणजे प्रत्येकी ८३ किलोची ओढ.

आणि स्टेनलेस स्टीलचा एक एम१६ स्टड, म्हणजे १६ मिलिमीटरचा बिनडोक्याचा आटेवाला दांडा, किती सोसतो? सात टनांपर्यंत ओढा, सोडल्यावर पुन्हा मूळ लांबीवर येतो.

म्हणून बोल्ट जाड घ्या, आणखी जाड घ्या, या बोलण्याने काही साधत नाही. जे निखळतं ते बोल्टच्या आजूबाजूचं : पातळ ब्राँझमधले दोन-तीन आटे, भुसभुशीत वीटकाम, नीट न झाडलेलं भोक, साचलेलं पाणी. आमचं सगळं लक्ष तिथे हवं.

१७ मार्च

बॉस, म्हणजे स्टडचे आटे धरायला पाट्याला जोडायचे जाड ठोकळे, बसवले. कोळिणीची भिंत ५ मिलिमीटरची. एम१६ चे आटे दर २ मिलिमीटरला एक, म्हणजे नुसत्या पाट्यात टॅप मारला तर अडीच आटे धरणार. निदान व्यासाएवढी खोली पाहिजे, दीडपट असेल तर निश्चिंत. म्हणून ४० मिलिमीटर व्यासाचे, ४५ उंचीचे ब्राँझचे चार ठोकळे खरादून घेतले, १४ च्या ड्रिलने भोक पाडून आटे पाडले. भोक आरपार नाही, वर बंद. त्यात पाणी चढायला नको.

वेल्डर भाऊ आर्गन वायूच्या वेल्डिंगवर बसले. पहिल्याच टाक्याला धातू थुंकायला लागला. जुनं ओतीव ब्राँझ आहे, पाच टक्क्यांच्या आसपास शिसं असणार, आणि शिसं आचेने आधीच उकळून वेल्डमध्ये सुईच्या टोकाएवढी छिद्रं पाडतं. भाऊंनी हात थांबवला. सिलिकॉन ब्राँझची सळई, करंट कमी, एकेक इंच टाका घालायचा आणि हात लावता येईल इतकं निवू द्यायचं. मधूनच ते टाक्यावर हातोडीने हलकं ठोकत होते आणि कान देऊन ऐकत होते. चार ठोकळ्यांना पूर्ण दिवस. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पंखा लावू देईनात, वाऱ्याने आर्गन उडतो म्हणून. शेवटी मी दारात ताडपत्री धरली आणि मागची खिडकी उघडली. शिशाचा धूर असताना मास्कशिवाय पुन्हा हे काम करायचं नाही, हे सगळ्यांना बजावलंय.

पाट्याच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात दोन भोकं, १० मिलिमीटरची. आत आलेल्या पाण्याला बाहेरची वाट.

२२ मार्च

नागदेवी, हार्डवेअरचा बाजार. ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्टड, नट, वॉशर. तिसऱ्या दुकानात "३१६ च आहे ताई, डोळे मिटून घ्या" असं सांगून जो माल पुढे केला त्याच्यावर खूण ए२ ची होती, म्हणजे ३०४. लोहचुंबकाने दोन्हींतला फरक कळत नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत तेच उपयोगी पडतं. ए४-७० (ए४ म्हणजे ३१६) अशी खूण असलेलाच माल घेतला, वर शेडमध्ये येऊन प्रत्येक लॉटवर मॉलिब्डेनम ओळखणारा थेंब टाकून रंग पाहिला.

एवढं कशाला, असं कुणी विचारलं तर मला मालवण आठवतं. राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पडला. नऊ महिनेही झाले नव्हते. नट-बोल्ट गंजल्याचं पत्र पडायच्या काही दिवस आधीच गेलेलं होतं. पडण्याची कारणं अनेक असतील, पण समुद्रकाठी गंज चढलेला नट हा आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला दिसायलाच हवा. त्या संध्याकाळी आमच्या शेडमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

२ एप्रिल

जुना चौथरा फोडला. वर २० मिलिमीटर ग्रॅनाइट, आत वीटकाम, मध्ये पोकळी. विटेत अँकर, म्हणजे भोकात रोवलेला बोल्ट, धरत नाही. पूर्ण गाभा आरसीसीचा नवा ओतला, एम२५ प्रतीचं काँक्रीट, सळ्यांचा पिंजरा खालच्या पायापासून वर आणलेला. माथ्याला मधून कडांकडे किंचित उतार. आता २८ दिवस गोणपाट ओलं ठेवायचं. मामांनी ते काम स्वतःकडे घेतलं.

८ एप्रिल

फिटर काकांचं म्हणणं : स्टड बॉसमध्ये कसायचे, खाली काँक्रीटमध्ये भोकं पाडायची, केमिकल, म्हणजे अँकर चिकटवायचा मसाला, ओतायचं आणि बाई त्यात उतरवायची. एका दिवसात काम, जन्मात हलणार नाही.

माझी अडचण त्या शेवटच्या शब्दांपाशी आहे. या शहरात पुतळे हलतात. काळा घोडा म्हणून ज्या चौकाची ओळख, तो एडवर्ड राजाचा घोडा १९६५ मध्ये तिथून निघाला आणि राणीच्या बागेत गेला. आज चौकात उभा आहे तो बिनस्वाराचा घोडा २०१७ चा. गेटवेसमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आला १९६१ मध्ये, त्याआधी तिथे पाचवा जॉर्ज होता. रस्ता रुंद होतो, मेट्रो येते, इमारत पुनर्विकासाला जाते. आमची कोळीणही कधीतरी उचलली जाईल, आणि ज्याला ते काम पडेल त्याने पुन्हा पाचरी ठोकत ब्लेड चालवावं अशी माझी इच्छा नाही.

म्हणून मध्ये एक बुटकं टेबल : ३१६ चे १२ मिलिमीटरचे दोन पाटे, मध्ये ६० मिलिमीटर मोकळी जागा, सहा आखूड पाय. खालचा पाटा काँक्रीटला अँकर केलेला. कोळिणीचे स्टड वरच्या पाट्यातून खाली येतात आणि त्यांचे नट बाजूने पाना घालून फिरवता येतात. एम१६ च्या नटला २४ चा पाना, ६० च्या फटीत आरामात फिरतो. भोवती ब्राँझच्या पत्र्याची झालर, स्क्रूवर. ती काढली की सगळं उघडं. पाणी त्याच फटीतून बाहेर जातं, हवा खेळते.

काकांना एक गोष्ट पटेना, मध्ये शिशाचे वॉशर का नको. त्यांच्या वडिलांनी दगडी कामात खुंटीभोवती शिसं ओतलेलं त्यांनी पाहिलंय, आणि ती कामं अजून उभी आहेत. खुंटीला आडव्या जोरासाठी शिसं उत्तमच. पण नट कसला की शिसं दाबाखाली वर्षानुवर्षं पसरत राहतं आणि नट आपोआप ढिला होतो. ते ऐकून काकांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, "तरी मला ओढ असलेला नट दरवर्षी बघायला लागेल." ते बरोबर आहे. तपासणीच्या यादीत घातलं.

१६ एप्रिल

चूक झाली, माझी.

कोळीण आडवी असताना पाट्याच्या तळाला हार्डबोर्ड लावून चारही बॉसची केंद्रं उमटवून घेतली. ओतीव काम, त्यामुळे बॉस चौरसात नाहीत, एक ११ मिलिमीटर बाहेर. तो साचा वरच्या पाट्यावर ठेवला आणि भोकं पाडून आणली. आज कोरडी जुळणी करताना तीन स्टड गेले, चौथा अडला. साचा मी खालून घेतला होता आणि वरून ठेवला. आरशातल्यासारखा उलटा. पाय वेल्ड व्हायच्या आधी लक्षात आलं असतं तर पाटा नुसता उलटा केला की काम झालं असतं. आता सहाही पाय कापून, घासून पुन्हा जोडायचे, तीन दिवस.

यापुढे साचा तळाला चिकटलेला असतानाच त्यावर दोन खुणा करायच्या : "कोळिणीकडची बाजू" आणि "समुद्राकडे" असा बाण. आजच्या साच्यावर उशिरा का होईना, त्या केल्या.

२ मे

काँक्रीटला तीस दिवस झाले. अँकरची सहा भोकं, एम१६ ला १८ चं बिट, खोली १६० मिलिमीटर.

भोक पाडण्यापेक्षा साफ करण्याला जास्त वेळ दिला. हवा, तारेचा ब्रश, हवा, ब्रश, पुन्हा हवा. वरवर स्वच्छ दिसणाऱ्या भोकात करंगळी फिरवली तर ती पिठात घातल्यासारखी पांढरी झाली. केमिकल त्या पिठाला चिकटतं, काँक्रीटला नाही, आणि भार आला की गुळगुळीत दांड्यासारखं बाहेर येतं. चौथ्या फेरीनंतर करंगळी कोरडी आणि स्वच्छ निघाली, तेव्हाच पुढे गेलो. ट्यूबमधला पहिला वीतभर मसाला फेकून दिला, दोन्ही भाग एकजीव होईपर्यंत. तळापासून भरत वर आलो आणि स्टड फिरवत फिरवत उतरवले. उन्हात मसाला भराभर धरतो, म्हणून सकाळी साडेसहाला सुरू केलं.

५ मे

सहाही अँकर १० किलोन्यूटनला ओढून पाहिले, म्हणजे प्रत्येकी जवळजवळ एक टन. काटा कुठेही घसरला नाही.

१३ मे

कोळीण उभी राहिली.

टेबल आधीच लेव्हलमध्ये बसवलेलं. स्टड बॉसमध्ये कसताना आटे जाम होऊ नयेत म्हणून लेप लावला. ब्राँझ आणि ३१६ हे दोन धातू एकमेकांच्या जवळचे, त्यांच्यात लोखंडासारखी झीज होत नाही, तरी मध्ये ६ मिलिमीटर नायलॉनच्या चकत्या ठेवल्या. चकत्यांनी फटही राखली जाते. पुलीवरून खाली येताना शेवटचा वीतभर काकांनी साखळी एकेक कडीने सोडली. मी टेबलाशी आडवी पडून चार स्टड चार भोकांत येताना पाहत होते. चौथाही गेला.

ओळंबा टोपलीच्या मध्यावरून सोडला तर तो डाव्या टाचेच्या किंचित पुढे पडला. शिल्पकाराच्या मूळ मातीच्या प्रतिकृतीचा एक फोटो संस्थेत आहे, त्यात तिचा कल असाच आहे. गेल्या सोळा वर्षांत ती मागे झुकलेली होती आणि सगळ्यांना तीच सवय झाली होती. आता ती चालतेय.

नट ६० न्यूटन-मीटरला कसले, वर दुसरा नट. नट आणि स्टडवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

टोपलीला तळवा लावून ढकललं, आधी हलकं, मग अंगाचा भार देऊन. मग काकांनी ढकललं. मग मामांनी.

१४ मे

झालर बसवली. स्क्रू मध्ये पिन असलेले, साध्या पान्याने निघत नाहीत. ब्राँझ भंगारात विकलं जातं, त्यामुळे ही काळजी घ्यावीच लागते. अंगाला गरम करून मेणाचा हात.

२१ मे

कालपासून वादळी पाऊस. पावसाळ्याआधी पूर्ण करायचं म्हणून ५ जून ही तारीख धरली होती. बरं झालं आधी उरकलं.

२६ मे

मोसमी पाऊस मुंबईत आज दाखल झाला, नोंदीत आहे तेवढ्या काळातला सर्वांत लवकर. याआधीची सर्वांत लवकरची तारीख २९ मे १९५६. सकाळी पाणी तुंबलेल्या रस्त्यांतून कशीबशी वरळीला पोचले. झालरीच्या खालच्या फटीतून पाणी येत होतं, आडोशाच्या बाजूला बारीक, समुद्राच्या बाजूला जोरात, आणि स्वच्छ. दहा मिनिटं छत्री धरून तेच बघत उभी राहिले. पाऊस थांबल्यावर वीस मिनिटांत धार थेंबांवर आली, मग थेंबही थांबले. आत काही साचत नाही.

७ जून

झालर काढून तपासणी. चारही पिवळ्या रेघा अखंड. टेबलाच्या आत कोरडं, एका कोपऱ्यात कुठूनतरी आलेली दोन पिंपळाची पानं, ती काढली. आता फटीला आतून जाळी लावली.

झालरीच्या आतल्या बाजूला खोदून घेतलं : "नट एम१६, चार. पाना २४. आधी पुलीवर ताण घ्या, मग नट सोडा. पट्टे काखेखाली आणि कमरेला, टोपलीला नाही. वजन १४९ किलो." याच मजकुराचा कागद, साचा आणि मोजमापांची चित्रं संस्थेच्या कपाटात, एक प्रत आमच्या शेडमध्ये.

मामांनी दोरी सोडली. डब्याची सुट्टी झाल्यावर पोरं तिच्या पायाशी आली.

पुढची तपासणी ऑक्टोबरात, पाऊस गेल्यावर. काका येणार आहेत.